साडेनऊची खोटारडी

आमच्या उपकेंद्रावर आधी जी सिस्टर होती, तिच्याबद्दल गावात आजही कुणी वाकडा शब्द बोलत नाही. मी बोलते. "देवमाणूस होती गं," असं बाया मला ऐकवतात तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड होतो. असेल देवमाणूस. ज्याच्यावर कोप झाला त्याला विचारा देव कसा असतो ते.

माणूस समोर आलं की आपण रामराम करतो, बस म्हणतो, पाणी देतो. ती डोळा ओढायची. अंगठा गालावर टेकवून खालची पापणी खस्सकन खाली, आत वाकून बघायचं आणि रक्ताचा आकडा सांगायचा. "नऊ." "अकरा." "सात? अगं, चालती कशी काय तू?" लग्नाच्या मांडवात मुंडावळ्या बाजूला सारून तिनं नवरीचा डोळा ओढलेला मी बघितलाय. माणसं हातात अक्षता घेऊन उभी, आणि हिचं आपलं, "साडेआठ. पोरीच्या मायला बोलवा आधी." एकदा जिल्ह्याहून मोठे साहेब तपासणीला आले, तर खुर्चीत टेकायच्या आत त्यांचाही डोळा खाली. साहेब दचकून मागं सरले. "तेरा असंल," सिस्टर म्हणाली, "तुमचं काय, आयतं ताट म्होरं येतं." साहेब हसले खरे, पण नंतर पाच मिनिटं चष्माच पुसत बसले.

नावं तिच्या ध्यानात राहायची नाहीत. आकडे राहायचे. "ती सातवाली आली का लस घ्यायला?" "साडेदहाला म्हणावं, रक्त वाढलं, नारळ फोड मारुतीला." कुणाची सून, कुणाची लेक, कुठल्या गल्लीची, काही नाही. रक्त तपासायची तिची पद्धतही जुनी. बोटाला टोचायचं, काचेच्या नळीत थेंब घ्यायचा, आम्लात तो काळपट तपकिरी झाला की थेंब थेंब पाणी घालून शेजारच्या काचेशी रंग जुळवायचा. सरकारनं बटणाचं यंत्र दिलं तरी ती म्हणायची, "यंत्राला आकडा कळतो, रंग कळत न्हाई." नळी उजेडात धरून एक डोळा मिटून ती उभी राहिली की कुणी शिंकायचंसुद्धा नाही. आणि पापणी बघून सांगितलेला आकडा नळीतल्या आकड्याच्या अर्ध्या पॉइंटाच्या आत-बाहेर असायचा. हे मात्र खरं, मी कशाला खोटं बोलू.

मी गावची आशा. घरोघर फिरून गरोदर बाया, लेकरं, लस, गोळ्या बघायचं काम, सगळं सिस्टरच्या हाताखाली. माहेर माझं उदगीरकडचं. रेणापूर भागातल्या ह्या गावात आले ती सख्ख्या आत्याच्या घरात सून होऊन. भावाची लेक सून करून घ्यायची आमच्यात रीतच आहे. म्हणजे माझी सासू ही माझ्या बापाची बहीण, आणि मी तिला आजही आत्याच म्हणते. कामावर रुजू झाले त्या दिवशी सिस्टरनं माझा डोळा ओढला, "साडेनऊ" म्हणाली, आणि त्या दिवसापासून मी साडेनऊ झाले. "ए साडेनऊ, रजिस्टर आण." "साडेनऊ, त्या कोपऱ्यातल्या घरी जाऊन ये."

चहाशी तर तिचं सात जन्माचं वैर. आमच्याकडं घरी आलेल्या माणसानं चहा घेतला नाही तर घरधनी रुसतो. ही चहाची कपबशी हातात घ्यायची, नीट उठायची आणि मोरीत ओतून यायची. "जेवल्यावर चहा ढोसता, अन्नातलं लोह त्यातच बुडून मरतं! गोळी काय कामाची मग?" तिच्या पर्समध्ये पैशापेक्षा लिंबं जास्त. लग्नाच्या पंगतीत बायांच्या मागून फिरत ती त्यांच्या वरणावर लिंबू पिळत जायची, विचारायची बातच नाही. एका बारशाला गड्यांची पंगत आधी बसली, नेहमीसारखी. ही उठली, गावातल्या सहा पोटुशा बाया हाताला धरून आणल्या आणि गड्यांच्या पंगतीत मधोमध बसवल्या. स्वतः समोर कंबरेवर हात ठेवून उभी. "उठवून दाखवा कुणी." कोण उठवतंय? सरपंच स्वतः उठून वाढायला लागला.

असली बाई. मलाही ती आवडायची. लपवून काय करायचं?

एकदा अंगणवाडीत बायांच्या बैठकीला तिनं लातूरहून पेढे आणले. आम्हाला वाटलं बदली झाली, तोंड गोड करून राहिली. तर तिनं एक पेढा उचलला आणि अंगठ्यानं नि बोटानं दोन्ही बाजूंनी दाबला. "ही तांबडी पेशी. एका थेंबात अशा कोटीच्या कोटी. हिच्या पोटात काय असतं? हिमोग्लोबिन. ठासून भरलेलं. त्याला जागा व्हावी म्हणून हिनं सोताचं केंद्रसुदीक टाकून दिलेलं असतं." मग तिनं सांगितलं, की हिमोग्लोबिनला चार बैठका असतात, एकेका बैठकीवर लोहाचा एक कण, आणि त्यावर प्राणवायू येऊन बसतो. पहिला बसायला लई कुरकुर करतो, तो बसला की बाकीचे तिघं पटापट बसतात. "हळदीकुंकवाला तुम्ही येता ना, पहिली दारात लाजून उभी राहाती. ती आत शिरली की समद्या शिरता. तसंच." बाया हसल्या. "आणि ऐका. ही पेशी मेंदूला, काळजाला, पोटातल्या लेकराला, समद्याला प्राणवायू नेऊन देती. सोतासाठी त्यातला कणबी वापरत न्हाई. चार महिने अशी पळती आणि मरती."

मागून कुणीतरी म्हणालं, "बाईचाच जल्म म्हणायचा की."

झालं. सिस्टरनं पेढ्यांचा खोका टेबलावर आपटला. "पेशीला डोकं नसतं म्हणून करती! तुम्हाला हाय ना? मग आधी जेवत जा की गं, भवान्यांनो!" पेढे तिनं आमच्याकडून तिथंच संपवून घेतले. मला तो दाबलेला आला.

आता गोळ्यांचं. पट्ट्या घरी न्यायच्या, पण तिची गाठ पडली की एक गोळी तिच्या देखत खायची. वर पाणी प्यायचं, तोंड उघडायचं, जीभ वर करायची. गोळ्या खाल्ल्या की परसाकडं काळं होतं, त्या पुराव्यावर तिचा भारी भरवसा. भर गल्लीत, गडीमाणसांच्या देखत ओरडायची, "काय गं, काळी होती का?" नव्या सुना पदरात तोंड लपवून मान हलवायच्या. "मान काय हलवती? हाव का न्हाई ते सांग!" आणि एक वाक्य तिच्या तोंडात कायम. "रक्त खोटं बोलत न्हाई. बाई बोलती."

तिचं गणित सरळ होतं. रक्त कमी म्हणजे लोह कमी. गोळी दिली म्हणजे रक्त वाढणार. वाढलं नाही म्हणजे बाई गोळी फेकून देते. बहुतेक जणींच्या बाबतीत ते बरोबरच यायचं, कारण गोळ्या फेकणाऱ्या बाया होत्याच. कुणाला मळमळ व्हायची, कुणाला बद्धकोष्ठ, कुणाला सासू म्हणायची की लेकरू काळं होईल. म्हणून ते गणित तिच्या डोक्यात दगडावरच्या रेघेसारखं बसलं.

माझं गणित येईना. दर महिन्याला नळी, दर महिन्याला साडेनऊ. कधी नऊ पॉइंट चार. मी गोळी खात होते हो! एक सोडून दोन खात होते. तोंडाला दिवसभर गंजलेल्या खिळ्याची चव, पोट दगड. चहा सोडला. अंबाडी, तांदुळजा, गूळ-शेंगदाणे, लिंबू, ती म्हणेल ते केलं. काळी होत होती, तेही सांगत होते. ती नळी खाली ठेवायची आणि माझ्याकडं अशी बघायची, जसं काय मी तिच्या पर्समधली नोट काढून घेतलीय. बोलायची नाही. ती बोलत नव्हती तेच बरं होतं, हे मला पुढं कळलं.

लसीकरणाचा दिवस होता. अंगणवाडीत चाळीसेक बाया, लेकरांची रडारड. सिस्टर म्हणाली, "साडेनऊ, उभी राहा." मी उभी राहिले. मला वाटलं यादी वाचायची असेल.

"ही तुमची आशा," ती म्हणाली. "गावाला गोळ्या वाटत फिरती. दोन वर्षं झाली, हिचं रक्त पाव पॉइंट वाढलं न्हाई. का? कारण ही सोता गोळ्या खात न्हाई. खाल्ल्या म्हणती आणि फेकती."

"सिस्टर, आईच्यान खाते."

"काळी होती का?"

"होती."

"खोटं! रक्त खोटं बोलत न्हाई, तू बोलती!"

एवढ्यावर थांबली असती तर वेगळं. ती उठली, चप्पल घातली आणि तरातरा आमच्या घराकडं निघाली. मागं मी, माझ्या मागं चाळीस बाया. घरात शिरून तिनं पिठाचा डबा उघडला, बाजेखाली बघितलं, देवाच्या फळीमागं हात घातला, आणि ज्वारीच्या कणगीमागून एक फडक्याचं गाठोडं ओढून काढलं. अंगणात सोडलं. तांबड्या गोळ्यांच्या पट्ट्या, पंधरा-वीस, एकही फोडलेली नाही. "ह्या बघा!" ती ओरडली. "ह्या बघा तुमच्या आशाबाईच्या गोळ्या!"

माझ्या नव्हत्या. माझ्या रिकाम्या पट्ट्या मी डब्यात जपून ठेवल्या होत्या. त्या आत्याच्या होत्या. आत्यालाही सिस्टरनंच गोळ्या लावलेल्या. आत्या ओसरीवर सूप घेऊन तूर पाखडत बसली होती. तिचा हात थांबला. मी तिच्याकडं बघितलं, तिनं सुपात बघितलं. आता मी काय बोलणार? माझ्या रिकाम्या पट्ट्या दाखवल्या, तर ह्या कुणाच्या ते सांगावं लागणार. चाळीस बायांसमोर सासूचं नाव घेऊ? आणि सासू तरी कोण, माझ्या बापाची बहीण. माझी जीभ उचलली नाही. आत्याचीही उचलली नाही.

तेव्हापासून माझं नाव खोटारडी. गोळी द्यायला गेले की बाया म्हणायच्या, "तू खाती का आधी?" पोरंसुद्धा मागून ओरडायची. आमचे मालक लातूरला दाल मिलमध्ये पोती उचलायच्या कामावर. ते दोन दिवस जेवले नाहीत माझ्या हातचं. "माझ्या मामाचं नाव घालवलं तू," म्हणाले. मामा म्हणजे माझा बाप.

मग मला दिवस गेले. पहिल्यापासून चक्कर, म्हणून लातूरला एका डॉक्टरीणबाईकडं गेले. तिनं रक्त काढलं, रिपोर्ट बघितला, परत काढलं आणि आणखी कुठली तपासणी केली. मग मला बसवून म्हणाली, "लोहाच्या गोळ्या किती वर्षं खाताय? तुमच्या शरीरात लोह भरपूर आहे. तुमच्या पेशी जन्मापासूनच लहान आहेत. हिमोग्लोबिनची एक साखळी तुमच्यात कमी तयार होते. थॅलेसेमिया मायनर म्हणतात याला. गोळ्यांनी हे वाढणार नाही, आणि तुम्हाला यानं धोकाही नाही."

मी म्हटलं, "म्हणजे मी गोळ्या खाल्ल्या तरी रक्त वाढलं नसतं?"

"नसतं."

मी तिच्या टेबलावर डोकं ठेवून रडले. ती बिचारी घाबरली. तिला वाटलं रोगाला भ्याले.

पण पुढचं ऐकलं आणि रडू पार आटून गेलं. नवऱ्याच्या रक्तातही हेच असेल तर पोटातल्या लेकराला मोठा थॅलेसेमिया होऊ शकतो, चारात एक शक्यता. मग त्या लेकराला जन्मभर तीन-चार आठवड्यांनी दुसऱ्याचं रक्त चढवत राहायचं. "महिन्याच्या आत मिस्टरांचा रिपोर्ट आणा. तोवर पोटातल्या बाळाची तपासणी करायला वेळ आहे. तुमच्यात नातं आहे का?" मी म्हटलं, "आत्याचा मुलगा." तिनं पेन खाली ठेवला.

घरी येऊन मालकांना सांगितलं. ते हसले आधी. "दिवसभर पोती पाठीवर घेतो मी. माझ्या रक्तात खोट?" मी कागद दाखवला. तेव्हा ते जे बोलले ते मी मरेपर्यंत विसरायची नाही. "गोळ्या फेकताना सापडली, म्हणून आता हा नवा बहाणा काढला व्हय? लातुरात पाहिजे तसला कागद मिळतो." आत्या चुलीपाशी होती. तिनं लाकूड आत सारलं.

बघा आता. पोटात लेकरू, हातात महिना, एका बोटभर रक्ताचं काम. आणि ते होईना, कारण माझ्या शब्दाला माझ्याच घरात कवडीची किंमत राहिली नव्हती. कुणी घालवली ती? देवमाणसानं.

दुसऱ्या दिवशी मी उपकेंद्रावर गेले आणि रिपोर्ट तिच्या टेबलावर आपटला. तिनं ओळीवर बोट ठेवून वाचला. परत वाचला. मग सवयीनं तिचा हात माझ्या डोळ्याकडं आला, तो मी फाडकन झटकला.

"हात लावू नका मला. तुम्ही अर्धापूरच्या, केळीच्या मुलखातल्या ना? तुमच्याकडं केळीचं पान पिवळं पडलं तर केळीला खोटारडी म्हणता का?"

ती म्हणाली, "हे मला कुणी शिकवलंच न्हाई."

"तुम्ही विचारलं का कुणाला? दोन वर्षं माझं रक्त वाढलं नाही, एकदा तरी मनात आलं का, की बाई खरं बोलत असंल?"

तिनं रिपोर्टाची घडी घातली, परत उघडली. माझं समाधान झालं नाही. मी म्हटलं, "जिथं मला खोटी ठरवली, तिथंच खरी ठरवा. मला तुमची माफी नको. मला माझ्या नवऱ्याचं रक्त पाहिजे, दिवस सरून राहिलेत."

आणि मग तिनं काय करावं? सकाळी सातला, मालक मिलवर निघायच्या आधी, आमच्या गल्लीत मधोमध उभी राहून तिनं ठणाणा सुरू केला. "ऐका रे समदे! ही पोरगी खोटं बोलली न्हवती! मी चुकले! हिच्या रक्तातच दोष हाय! आणि हिच्या नवऱ्याच्याबी असंल!"

अरे कर्मा! करायला गेली गणपती आणि झाला मारुती. गल्लीतली दारं धाडधाड उघडली. मालक तोंडात ब्रश घेऊन बाहेर आले, ऐकलं, आणि लालबुंद झाले. "माझ्या दारात उभी राहून माझ्या रक्ताला नाव ठेवती? आता बघतोच कोण माझं रक्त काढतंय ते." गाडीला लाथ मारली आणि गेले. मी सिस्टरला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. कुणालाच तोंड उघडू न देणारी ती बाई खाली मान घालून ऐकत उभी होती, आणि मग आमच्या ओट्यावर मटकन बसली.

आत्यानं आतून चहा आणून तिच्यापुढं ठेवला. सवय. सिस्टरनं तो उचलला आणि प्याली. मी बघतच राहिले.

प्याल्यावर तिनं आत्याला विचारलं, "तुझं नऊ होतं ना गं?"

आत्या म्हणाली, "व्हय, तुमीच सांगितलं हुतं."

"नंतर तपासलंच न्हाई तू."

"न्हाई आले." आत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग एकदम म्हणाली, "त्या गोळ्या माझ्या व्हत्या, बाई. हिच्या न्हवत्या."

मी वळून आत्याकडं बघितलं.

"का न्हाई खाल्ल्या?" सिस्टरचा आवाज चढला, जित्याची खोड.

"खाल्ल्या की! दीड वरीस खाल्ल्या. गावातल्या शिबिरात बघितलं, रक्त हुतं तिथंच. तुमी म्हणणार, फेकती. मग खायच्या सोडल्या आन दडवून ठिवल्या."

"मला सांगायचं होतं गं! सासू-सून, आत्या-भाची, दोघींचं रक्त वाढत न्हाई म्हणल्यावर मला कळलं नसतं का?"

"तुमाला?" आत्या म्हणाली. "तुमाला कुणी सांगावं बाई? तुमी तोंड उघडाय लावता, बोलू कुठं देता?"

सिस्टरनं रिकामी कपबशी ओट्यावर ठेवली. माझ्या डोक्यात आग पेटली होती, आणि ती एकट्या सिस्टरवर नव्हती. चाळीस बायांसमोर माझी अब्रू अंगणात पसरली होती, आणि ही माझ्या बापाची बहीण सुपात बघत बसली होती. मी तिला तसंच तोंडावर म्हटलं. ती रडली. "भ्याले गं पोरी." मला तेव्हा कीव आली नाही. आता थोडी येते.

त्याच दिवशी आत्या आमच्याबरोबर लातूरला आली. जन्मात पहिल्यांदा ती स्वतःच्या अंगाची तपासणी करून घ्यायला गावाबाहेर निघाली होती. सगळ्या वाटेनं सिस्टर खिडकीबाहेर बघत होती. रिपोर्ट चार-पाच दिवसांनी आला. आत्यातही तेच. आत्याला वाचता येत नाही, पण तिनं तो कागद स्वतःच्या हातानं लेकापुढं ठेवला. "हे माझं. आता मलाबी खोटारडी म्हण. म्हण की! तिला म्हणताना जीभ अडली न्हाई." मालक कागदाकडं बघत बसले. ताटातली भाकरी वाळली. "उद्या जातो," एवढंच म्हणाले.

त्यांच्या रक्तात ते निघालं नाही. आईकडून यायचं का नाही हे रुपया उडवल्यासारखं असतं, आणि त्यांचा रुपया बरा पडला. लेकराला मोठा आजार होणार नाही हे नक्की झालं. डॉक्टरीणबाईनं फोनवर सांगितलं तेव्हा मी उपकेंद्राच्या पायरीवर बसून ढसाढसा रडले. आणि आमचे मालक? "बघ, म्हणलो न्हवतो का, माझ्यात काय न्हाई!" मिलमध्ये पेढे वाटले त्यांनी. मी म्हटलं, वाटा, नशिबाचे पेढे वाटा.

आता गाव मला म्हणतं, सगळं नीट झालं ना, सोड की राग. का सोडू? नीट झालं ते नशिबानं. तिच्या शहाणपणानं नाही, ह्यांच्या समजुतीनं नाही. रुपया उलटा पडला असता आणि महिना निघून गेला असता तर आज मी लेकरू घेऊन रक्ताच्या बाटलीखाली बसले असते, आणि हेच लोक म्हणाले असते, हिनंच वेळेवर सांगितलं नाही.

सिस्टर बदलली का? डोळे ओढायची थांबली नाही. आवाजही कमी झाला नाही. पण नांदेडला जाऊन तिनं एक जाडजूड पुस्तक आणलं, आणि दुपारी कुणी नसलं की इंग्रजी ओळीखाली बोट धरून वाचत बसायची. गोळ्या खाऊनही ज्यांचं रक्त वाढत नव्हतं अशा बायांच्या घरी ती माझ्याबरोबर गेली. दारात उभी राहायची, काय बोलावं ते सुचायचं नाही, आणि शेवटी मीच सांगायचे, की सिस्टरला तुमचं रक्त लातूरला पाठवायचंय. एका घरी तर एका म्हातारीनं तिला हाकलून दिलं. मला बरं वाटलं. खरं सांगते, लई बरं वाटलं.

मला मुलगी झाली. दोन वर्षांची झाल्यावर तिचं रक्त तपासलं, तर माझंच तिच्यात उतरलेलं. मायनर. म्हणजे तिलाही जन्मभर कुणी ना कुणी सांगणार, रक्त कमी आहे, गोळ्या खा, खात का नाहीस. मी रिपोर्ट घेऊन उपकेंद्रावर गेले. सिस्टरच्या नोकरीचे शेवटचे आठ दिवस राहिले होते. तिनं पोरीचं लसीचं कार्ड मागितलं, मागची कोरी बाजू वर केली आणि लिहायला बसली. बराच वेळ लिहीत होती. खाली सही केली, उपकेंद्राचा शिक्का दोनदा उमटवला, एकदा पुसट आला म्हणून. कार्ड माझ्या हातात दिलं.

मी वाचलं. "या मुलीचे हिमोग्लोबिन कायम कमी राहील. लोहाच्या गोळ्यांनी वाढणार नाही. तपासणाऱ्याने तिच्यावर ओरडू नये. ही मुलगी खरे बोलते."

मी कार्ड घडी न घालता पिशवीत ठेवलं. मग म्हटलं, "आणि माझं, सिस्टर?"

"तुझं काय लिहू?" ती म्हणाली. "तुला मी चाळीस बायांसमोर बोलले. ते कागदावर न्हाई खोडता येत."

न्हाईच येत.